होल्ट कोलियर यांचं अस्वल

(दृश्य: पाण्यात उभी असलेली झाडं, वर विरळ धुकं. लांबून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं.)

मिसिसिपी नदीनं हजारो वर्षं पूर आणले आणि प्रत्येक पुरानं इथं गाळ टाकला. त्या गाळावर हे रान वाढलं. वर ओक, गम आणि सायप्रस, खाली वेळूचं बन. हा वेळू आपल्या बांबूच्याच गोतातला, पण मूळचा अमेरिकेचा. दोन-अडीच पुरुष उंच वाढतो आणि इतका दाट की शेजारून चाललेला घोडासुद्धा दिसू नये. मधेच डबकी, दलदल, अंगाला ओरबाडणाऱ्या काटेरी वेली. कोयत्यानं वाट पाडल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

अशा रानात अस्वल डोळ्यांनी शोधता येत नाही. ते कानांनी शोधावं लागतं.

आधी कुत्री सोडायची. ती वासावर जातात, दिसेनाशी होतात आणि मग ऐकत राहायचं. माग काढताना कुत्र्यांचा आवाज तुटक असतो. अस्वल उठून पळायला लागलं की सगळा ताफा एका सुरात भुंकायला लागतो. आणि अस्वल दमून झाडाला पाठ लावून उभं राहिलं की तो सूर एका जागी थांबतो. दूरवरून नुसतं ऐकून हे ओळखायचं, अस्वल आता कुठल्या वाटेनं वळेल याचा अंदाज बांधायचा आणि घोडा तिकडे घालायचा.

हे ज्यांना सगळ्यात चांगलं जमत होतं, त्या माणसाची ही गोष्ट आहे. त्यांचं नाव होल्ट कोलियर.

(दृश्य: कोलियर यांचं जुनं छायाचित्र.)

1846 च्या सुमारास ते गुलाम म्हणून जन्मले. त्यांची आई आणि आजी याच मालकाच्या, हाइंड्स नावाच्या घराण्याच्या मळ्यावर राबलेल्या. पोरगा नेमबाज निघाला, म्हणून मालकानं त्याच्या हाती बंदूक दिली आणि मळ्यावरच्या माणसांसाठी मांस आणायचं काम दिलं. पहिलं अस्वल त्यानं मारलं तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता.

मग अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं. मालक दक्षिणेच्या बाजूनं लढायला निघाला, आणि हा किशोरवयीन पोरगाही त्याच्या मागोमाग गेला. टेक्सासच्या घोडदळाबरोबर त्यानं टेहळणीचं काम केलं. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या फौजेत एक गुलाम. हे वाचताना मी थबकलो होतो, आजही थबकतो. जन्मल्यापासून एकच घर, एकच मालक आणि एकच रान पाहिलेल्या मुलापुढे त्या क्षणी खरोखर किती वाटा मोकळ्या होत्या, हे आपण आज इथं बसून ठरवू नये.

युद्ध संपलं आणि ते स्वतंत्र झाले. आता पोटासाठी काय करायचं? येत होती ती शिकार. त्याच वर्षांत या रानात लाकूडतोड सुरू झाली, लोहमार्ग येऊ लागले. हजारो मजूर रानात तळ टाकून राहायचे आणि त्यांना मांस लागायचं. कोलियर ते पुरवायचे. सगळा जन्म त्यांनी अस्वलांच्या मागावर काढला. पुढं एका राष्ट्राध्यक्षानं लिहून ठेवलं की या माणसानं तीन हजारांहून जास्त अस्वलं मारली किंवा मारायला मदत केली.

तीन हजार. हा आकडा ऐकून मला आधी त्यांच्या कसबाचं नवल वाटलं, आणि लगेच पोटात कालवलं. तुमचंही तसंच झालं असेल तर ते बरोबरच आहे. या गोष्टीत दोन्ही भावना शेवटपर्यंत सोबत चालणार आहेत.

(दृश्य: वाफेच्या इंजिनाची आगगाडी. रानाच्या कडेचं छोटं स्टेशन.)

नोव्हेंबर 1902. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचं ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांच्या घोडागाडीला ट्रामची धडक बसली. पायाची जखम चिघळली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि कोळसा खाणींचा मोठा संप मिटवण्याची बोलणी त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून केली. संप ऑक्टोबरच्या अखेरीस मिटला आणि पुढच्या तीन आठवड्यांत हा गृहस्थ रानात घोड्यावर होता. मिसिसिपीचे गव्हर्नर अँड्र्यू लाँजिनो यांचं निमंत्रण होतं. सोबत रेल्वे कंपनीचे अध्यक्ष, बडे मळेवाले, श्रीमंत शिकारी.

दक्षिणेत सगळेच त्यांच्या स्वागताला उत्सुक नव्हते. वर्षभरापूर्वी रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाला व्हाइट हाउसमध्ये आपल्या पंगतीला बसवलं होतं. एका काळ्या माणसाबरोबर राष्ट्राध्यक्ष जेवले, एवढ्यावरून दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर गरळ ओकली होती. पंगतीला कोणी कोणाशेजारी बसायचं यावरून माणसं किती पेटतात, हे आपल्याला कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

आणि त्याच मिसिसिपीत, लिटल सनफ्लॉवर नदीच्या काठी, राष्ट्राध्यक्षांच्या शिकारीची सगळी सूत्रं एका काळ्या माणसाच्या हाती होती. कुत्री कोलियर यांची. रान त्यांच्या माहितीचं. कोणी कुठं उभं राहायचं, हे तेच सांगणार होते. पहिल्याच दिवशी अस्वल समोर आणून उभं करतो, असा शब्द त्यांनी दिला होता म्हणतात. रात्री शेकोटीपाशी रूझवेल्ट त्यांच्याकडून जुन्या शिकारींच्या आणि लढाईच्या हकिकती ऐकत बसायचे.

(दृश्य: पहाटेचं रान. घोड्यांच्या टापा, चिखलाचा आवाज.)

14 नोव्हेंबर, शुक्रवार. शिकारीचा पहिला दिवस.

कोलियर यांनी रूझवेल्ट आणि त्यांचे सोबती ह्यूगर फूट यांना रानातल्या एका मोकळ्या जागी बसवलं. अस्वल हाकलून इथंच आणतो, जागा सोडू नका, असं बजावलं आणि कुत्री सोडली.

थोड्याच वेळात कुत्र्यांनी वास धरला. अस्वल उठलं. मग सकाळभर नुसता पाठलाग. वेळूच्या बनातून आत, पाण्यातून पलीकडे, पुन्हा वळून मागे. मोकळ्या जागी बसलेल्यांना भुंकणं कधी जवळ आलंसं वाटे, कधी पार विरून जाई. दुपार झाली. ऊन वाढलं, भूक लागली. कुत्री लांब गेली, आता काही अस्वल इकडे येत नाही, असं म्हणून राष्ट्राध्यक्ष आणि फूट तळावर जेवायला गेले.

आणि अस्वल तिथंच आलं. कोलियर यांनी ते हाकलत बरोबर त्याच मोकळ्या जागी आणलं होतं. जागेवर कोणीच नव्हतं.

दमलेलं अस्वल एका डबक्यात शिरलं आणि तिथून त्यानं कुत्र्यांना तोंड दिलं. या भागातलं हे काळं अस्वल. आपल्या विदर्भातल्या अस्वलासारखी लांब झुलती आयाळ त्याला नसते, पण पंज्यात तेवढीच ताकद. कोलियर पोहोचले तेव्हा अस्वलानं एका कुत्र्याला धरलं होतं.

त्यांच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. हातात बंदूक आहे. अस्वल काही पावलांवर आहे. लहानपणापासून पाळलेलं, शिकवलेलं कुत्रं डोळ्यांसमोर मरतंय. बार काढला की सगळं संपेल. पण हे अस्वल राष्ट्राध्यक्षांसाठी राखून ठेवायचं आहे, त्यांच्या आधी कोणी गोळी घालायची नाही, असं ठरलेलं.

कोलियर घोड्यावरून उतरले. बंदुकीची नळी धरली आणि दस्ता अस्वलाच्या डोक्यात हाणला. ते गुंगलं तेवढ्यात त्याच्या गळ्यात दोराचा फास टाकला आणि दुसरं टोक एका विलोच्या झाडाला बांधलं. कुत्रं तोवर मेलं होतं.

मी या शिकारीबद्दल बरंच वाचलं. दर वेळी मन याच क्षणापाशी येऊन थांबतं. जिवंत, चवताळलेल्या अस्वलाच्या गळ्यात, हाताच्या अंतरावर उभं राहून, फास टाकणारा हा छप्पन्न वर्षांचा माणूस. त्या दिवशीचं सगळ्यात मोठं धाडस हे होतं, आणि ते पाहायला राष्ट्राध्यक्ष हजर नव्हते.

शिंग फुंकलं गेलं. निरोप तळावर गेला. रूझवेल्ट घोडा दौडवत आले आणि पाहतात तर समोर झाडाला बांधलेलं, अर्धमेलं, रक्तानं माखलेलं अस्वल. भोवती माणसं. सगळे म्हणू लागले, घाला गोळी.

त्यांनी नकार दिला. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणं त्यांच्या लेखी शिकार नव्हती.

जगाला एवढंच ठाऊक आहे. गोष्ट इथंच थांबवतात आणि आपण समजतो की अस्वल सुटलं. ते सुटलं नाही. त्याचे हाल संपवा, असं रूझवेल्ट म्हणाले आणि जॉन पार्कर नावाच्या सोबत्यानं सुऱ्यानं त्याला मारलं. हेच पार्कर पुढं लुइझियानाचे गव्हर्नर झाले. रूझवेल्ट यांचा नकार खरा होता आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्या नकारानं अस्वलाचा जीव वाचला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

पुढचे दिवसही शिकार चालली. राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याला एकही अस्वल आलं नाही.

(दृश्य: व्यंगचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

दोनच दिवसांनी, 16 नोव्हेंबरला, ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचं हे व्यंगचित्र आलं. मथळा होता: मिसिसिपीत रेघ ओढताना. इंग्रजीत रेघ ओढणं म्हणजे ‘यापुढं नाही’ असं बजावणं. चित्र नीट पाहा. पुढं रूझवेल्ट, पाठ फिरवून, हात आडवा करून नको म्हणताहेत. मागं अस्वल, गळ्यात दोर. आणि दोर कोणाच्या हातात आहे?

एका गोऱ्या माणसाच्या.

कोलियर चित्रात नाहीत. ज्यानं माग काढला, ज्याचं कुत्रं गेलं, ज्यानं फास टाकला, त्याच्या जागी दुसराच कोणी उभा आहे. बेरीमन तिथं गेले नव्हते, त्यांनी ऐकीव बातमीवरून चित्र काढलं, हे खरं. त्या मथळ्यातली रेघ वर्णभेदाचीसुद्धा होती, असा अर्थ पुढं अनेकांनी लावला. कारण काहीही असो, देशानं ही शिकार पाहिली ती या चित्रातून. बेरीमन यांनी तेच अस्वल पुन्हा पुन्हा काढलं, आणि दर वेळी ते अधिक लहान, अधिक गोंडस, अधिक गोल डोळ्यांचं होत गेलं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॉरिस आणि रोझ मिक्टम या जोडप्याचं गोळ्या-चॉकलेटचं छोटं दुकान होतं. रशियातून आलेले ज्यू निर्वासित. त्या चित्रावरून त्यांनी मखमली कापडाचं अस्वल शिवलं आणि दुकानाच्या काचेत ठेवलं. नाव दिलं ‘टेडीज बेअर’, म्हणजे टेडीचं अस्वल. टेडी म्हणजे थिओडोर. साधारण त्याच सुमारास जर्मनीत गींगेन गावी मार्गारेट स्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड यानंही हातपाय हलणारं अस्वल तयार केलं होतं. 1903 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्यानं त्यातली 3,000 मागवली. पुढचं तुम्ही जाणता. तुमच्या घरातही एखादं असेल, एक डोळा निघालेलं, कोणीतरी रात्री कुशीत घेऊन झोपणारं.

(दृश्य: तोडलेल्या ओंडक्यांचे ढीग. कापसाचं शेत, क्षितिजापर्यंत.)

खेळण्यातली अस्वलं वाढत होती तेव्हा रानातली संपत होती. नुसत्या बंदुकांमुळे नाही. बंदुकांनी पुष्कळ मारली, कोलियर यांच्यासुद्धा. पण अस्वलाला पोकळ जुनी झाडं लागतात थंडीत शिरून राहायला, ओकची फळं लागतात खायला, वेळूचं बन लागतं लपायला. ओक कापला गेला, बन जाळलं गेलं, पाणथळी उपसल्या गेल्या आणि त्या काळ्या गाळात कापूस लावला गेला. 1930 च्या दशकापर्यंत अख्ख्या मिसिसिपी राज्यात डझनभरही अस्वलं उरली नसावीत, असा अंदाज आहे.

रूझवेल्ट 1907 मध्ये पुन्हा आले, या वेळी नदीपलीकडे, लुइझियानातल्या टेन्सास बायूच्या रानात. कोलियर सोबत होतेच. तीन हजार अस्वलांची नोंद या सफरीनंतरच्या लेखातली. या वेळी वेळूच्या बनात रूझवेल्ट यांच्या गोळीला एक मादी पडली. खेळण्यातल्या टेडीनं दुकानं भरून गेली होती, त्या काळातली ही गोष्ट. ती कोणी फारशी सांगत नाही.

होल्ट कोलियर 1936 मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिल गावी वारले. वय नव्वदच्या आसपास.

1992 मध्ये लुइझियानाच्या काळ्या अस्वलाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पडीक शेतांवर पुन्हा झाडं लावली गेली, तुटलेली रानं जोडली गेली आणि अस्वलं वाढली. इतकी की 2016 मध्ये ती संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आली. डिसेंबर 2024 मध्ये लुइझियानात, टेन्सासच्याच टापूत, तीन दशकांहून अधिक काळानंतर अस्वलाच्या शिकारीचे मोजके परवाने दिले गेले. यावर तिथं वाद आहे. अस्वलं मोजून पुरेशी आहेत, असं एक बाजू म्हणते. इतक्या कष्टानं परत आणलेलं जनावर इतक्या लवकर का मारायचं, असं दुसरी विचारते. मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूचा.

(दृश्य: आजची पहाट. कोवळी झाडं, ओल्या मातीत पंज्याचा ताजा ठसा.)

हे मिसिसिपी राज्यातलं एक राष्ट्रीय अभयारण्य आहे. 2004 मध्ये जाहीर झालं. शेतजमिनीवर ओकची रोपं लावून ते पुन्हा रान करायचं काम चालू आहे. जवळच रूझवेल्ट यांच्या नावाचं अभयारण्य आहे. याचं नाव मात्र वेगळं आहे. तिथली पाटी लांबूनसुद्धा वाचता येते.

होल्ट कोलियर.