गॅपनंतर पुन्हा कोडिंगकडे

श्रोतेहो, नमस्कार.

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात काही वर्षं वेबसाइट बनवण्याचं काम केलं, मग बाळंतपण, घरातलं आजारपण, काहीतरी निघालं आणि नोकरी सुटली. आता परत जायचंय. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत अशी दोन-तीन माणसं सहज भेटतील. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठला कोर्स लावू?’ मी सांगतो, इतक्यात कुठलाच लावू नका.

आधी तुमचा स्वतःचा जुना कोड हुडकून काढा. कंपनीचा नाही हं, तो आपला नसतो. मामाच्या दुकानासाठी हौसेनं केलेली साइटसुद्धा चालेल. ती आजच्या लॅपटॉपवर चालवून बघा. बहुतेक चालणार नाही. लागणारी तयार पॅकेजेस उतरवायला ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की स्क्रीनभर लाल अक्षरं येतील. ती शांतपणे वाचा, कारण तुमचं काय मागे पडलंय ते तिथेच लिहिलेलं असतं. स्टाइलशीट बनवायला नोड-सास वापरलं असेल तर ते पॅकेज आता बंद झालंय, त्याच्या जागी नुसतं सास घाला.

मग स्टाइलशीट उघडा. फ्लोट, क्लिअरफिक्स अशा मांडणीच्या जुन्या युक्त्या आणि इंटरनेट एक्सप्लोररची मनधरणी करायला लिहिलेल्या ओळीच्या ओळी सापडतील. मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये त्या ब्राउझरला निवृत्त केलं, तेव्हा त्या ओळी बिनधास्त उडवा. लेआउटसाठी, म्हणजे पानाच्या मांडणीसाठी, सीएसएसचं ग्रिड वापरा. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिघांतही ते आलं.

आता सर्व्हरकडून माहिती मागवणारं जेक्वेरीचं अजॅक्स काढून ब्राउझरचं स्वतःचं फेच लावा, आणि इथे जरा थांबा. सर्व्हरनं ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं उत्तर दिलं की जेक्वेरीत आपलं एररचं फंक्शन चालायचं. फेचमध्ये तसं होत नाही. ४०४ येवो नाहीतर सर्व्हरच्याच बिघाडाचा ५००, सर्व्हरचं उत्तर पोचलं ना, मग फेचच्या लेखी काम झालं. कॅचमध्ये, म्हणजे चूक पकडणाऱ्या भागात, जातं ते नेट गेलं किंवा विनंती पोचलीच नाही तर. म्हणून रिस्पॉन्स ओके आहे का, हे आपणच तपासायचं. नव्यानं शिकलेली मुलं इथे हमखास अडखळतात. तुम्ही रात्री-बेरात्री प्रॉडक्शनचे, म्हणजे लोक वापरत असलेल्या साइटचे, लॉग उपसलेले असतात, त्यामुळे ‘सर्व्हरनं नाही म्हटलं तर काय?’ हा प्रश्न तुम्हाला आपोआप सुचतो. मुलाखतीत तो बोलून दाखवा.

रिअ‍ॅक्ट या वेबपानं बांधायच्या लायब्ररीपासून मात्र सुटका नाही, नोकरीच्या जाहिराती चाळल्या की कळतंच. तुम्ही त्यातल्या जुन्या पद्धतीनं क्लास कंपोनंट लिहीत असाल तर फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या हुक्स या नव्या पद्धतीपासून सुरुवात करा. अँग्युलरजेएसचा, म्हणजे जुन्या अँग्युलरचा, गूगलनं २०२१ अखेर आधार काढून घेतला, तो रेझ्युमेत तळाला राहू द्या. एआय कोड लिहून देतं हे खरं, पण त्यातली वरची फेचची चूक ओळखायला माणूसच लागतो.

गॅपबद्दल रेझ्युमेत एक सरळ ओळ लिहा, ‘२०१९ ते २०२४, मुलांचं संगोपन’. खाली त्या दुरुस्त केलेल्या साइटची लिंक द्या. गिटहबवर काय बदललं आणि का, हे कमिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीत, नीट लिहिलेलं असू द्या. पाच वर्षं काय केलंत, असं कुणी भुवया उंचावून विचारलं तर तेच उत्तर त्याच सुरात द्यायचं. माफी मागण्यासारखं त्यात काहीही नाही.

अर्ज पोर्टलवर टाकत बसण्याआधी जुन्या टीममधल्यांना फोन करा. रेफरलनं आलेला रेझ्युमे निदान कुणीतरी उघडतं.

आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन हा खातेक्रमांक आजच शोधून ठेवा. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले हेच मागतात. जुनी कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर ते पत्र मिळवायलाच कित्येक आठवडे जातात.