रंग लहान होत नाही

(पडद्यावर: हिरवी कटिंग मॅट. प्लास्टिकच्या गाडीचा तळ. व्हर्नियरचे जबडे पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत उघडत जातात.)

१०० मिलिमीटर. ना कमी, ना जास्त.

मामा व्हर्नियर मिटतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. खऱ्या फोक्सवॅगन बीटलच्या दोन आसांमधलं अंतर २४०० मिलिमीटर. भागिले २४, कारण हे मॉडेल १:२४ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं. हिशेब जुळला. खोकं उघडल्यावर बाकीचे लोक आधी चित्रं बघतात, माझे मामा माप घेतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी ३२ वर्षं साचे घासले. आता डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, गॅलरीच्या कोपऱ्यात, मामींच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर त्यांच्या गाड्या तयार होतात. हे टेबल त्यांना बक्षीस मिळालेलं नाही. ते त्यांनी बळकावलंय.

१:२४ हा आकडा इंच-फुटांच्या जमान्यातला: एका फुटाला अर्धा इंच. त्याहून विचित्र वाटणारा १:४३ आला खेळण्यातल्या रेल्वेकडून. ब्रिटनमध्ये 'ओ' गेजच्या रेल्वेला फुटाला सात मिलिमीटर हे प्रमाण होतं, मग फाटकापाशी उभ्या करायच्या मोटारीही त्याच मापाच्या लागल्या. अमेरिकी किट (सुटे भाग जोडून मॉडेल बनवायचा संच) बहुधा १:२५ ची. फरक किती, तर बीटलच्या लांबीत जेमतेम सात मिलिमीटर. पण मामा या दोन मापांच्या गाड्या एका फळीवर ठेवत नाहीत. मामींच्या मते हा शुद्ध हट्टीपणा आहे. माझंही मत तेच आहे, फक्त मी ते बोलत नाही.

(दृश्य: प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले भाग. निप्परचा 'टिक्' असा आवाज.)

हे किट जपानच्या शिझुओकाचं, तामिया कंपनीचं: १९६६ ची बीटल १३००. तामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून झाली. आधी लाकडी मॉडेलं, मग १९६० मध्ये पहिलं प्लास्टिकचं किट, 'यामातो' या युद्धनौकेचं. पुढे १९७६ मध्ये त्यांनी १:१२ मापाची पोर्शे ९३४ काढली. तिच्यासाठी शुनसाकू तामियांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि नटबोल्टापर्यंत सुटी करून मोजली. हा किस्सा मामांनी मला निदान दहा वेळा सांगितलाय, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य: "साचा करणाऱ्याला गाडी चालवता आली नाही तरी चालेल, खोलता आली पाहिजे."

आता हे मटेरियल. पॉलिस्टायरीन. पोलादी साच्याच्या दोन अर्ध्या भागांत गरम प्लास्टिक दाबानं भरलं जातं, आणि ते दोन भाग जिथे भेटतात तिथे एक बारीक रेघ उठते. मडगार्डवर ती डोळ्यांना दिसतही नाही. मामा डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवतात.

"ही बघ. लागली?"

मला लागत नाही. माझं बोट धरून ते पुन्हा फिरवतात. लागते.

ती रेघ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग ८०० नं घासायची. मग सगळे भाग भांडी घासायच्या साबणानं धुवायचे, कारण भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश अंगावर राहिलेला असू शकतो आणि त्याच्यावर रंग धरत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातली गाळणी लागते. मामींनी आता वेगळी गाळणी आणून दिली आहे, तिच्यावर मार्करनं लिहिलंय: 'गाड्यांची'.

जोडणीत मी फार थांबणार नाही. एवढंच सांगतो की प्लास्टिकचा सिमेंट हा गोंद नव्हे. तो दोन्ही कडा क्षणभर विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. वेल्डिंगच म्हणा. आणि काचेच्या भागांजवळ सुपरग्लू न्यायचा नाही. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धूर सोडून जाते. काचेला शाळेतला पांढरा गोंद पुरतो.

(दृश्य: गॅलरी. बाहेर पाऊस. हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या टोकाजवळून.)

खरा खेळ इथे सुरू होतो.

पत्रा लहान करता येतो. काच, स्टिअरिंग, दाराची मूठ, सगळं २४ नं भागता येतं. रंगाला भागता येत नाही. रंगाचा कण तोच, थेंब तोच, थर तेवढाच जाड.

रस्त्यावरच्या गाडीवर कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १२० धरा. म्हणजे या बीटलवर रंग हवा पाच मायक्रॉन. तेवढ्या पातळ थरातून खालचं प्लास्टिकच दिसेल. खालचं अस्तर म्हणजे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक लॅकर असे हात मारले की मॉडेलवर सहज १०० मायक्रॉन होतात. तेच उलटं, २४ नं गुणलं, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर रंग! अशी गाडी रस्त्यावर आली तर लोक म्हणतील, हिला गिलावा केलाय.

म्हणून मामांचा निम्मा वेळ रंग लावण्याआधी जातो. खऱ्या दाराभोवतीची फट चारेक मिलिमीटरची, मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर हवी. रंग पडला की ती बुजते. मग प्रायमरच्याही आधी ते टोकदार स्क्रायबरनं दाराची प्रत्येक रेघ खोल करतात. रुंद अजिबात नाही, फक्त खोल. एक हात, दुसरा हात, आठवा हात. हात घसरला तर लांबी (पुटी) भरायची, वाळू द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

रंगाची निवडही याच हिशेबानं. मला चंदेरी बीटल हवी होती. मामांनी मान हलवली. धातूची चमक देणाऱ्या रंगातला कण २० मायक्रॉनचा असला तरी २४ पटीनं तो अर्धा मिलिमीटर होतो. "लग्नातल्या चमकीसारखी दिसेल." शेवटी साधा पिस्ता रंग ठरला.

एअरब्रशचं नोझल ०.३ मिलिमीटरचं. रंग किती पातळ करायचा याची पुस्तकी प्रमाणं आहेत, मामांचं माप वेगळं आहे: साय काढलेलं दूध. बाटलीच्या आतल्या भिंतीवरून तो तसाच उतरला पाहिजे. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा करडा प्रायमर दिसत राहील असा. दुसराही तसाच. तिसरा थोडा ओला. लोभ सुटला की ओघळ आला.

घर लहान असल्यामुळे मामांनी खोक्याला स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा बसवून फवारणीचं कपाट बनवलं होतं. ते त्यांनी स्वतःच मोडीत काढलं. थिनरची वाफ पेट घेते आणि त्या पंख्याची मोटर वाफेच्या वाटेतच होती. आताच्या कपाटाची मोटर बाहेर आहे, आणि तोंडावर वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क असतो. मास्क घातलेले मामा शेजारच्या लहान मुलीला फार आवडतात.

(दृश्य: टपावर पसरलेली पांढुरकी छटा.)

हा जुलैमधला एक मंगळवार. लॅकरचा हात छान बसला आणि दहा मिनिटांत टपावर दुधाळ साय आली.

रंगाचा दोष नव्हता. थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हातावर स्पिरिट टाकलं की गार लागतं, तसंच. टप थंड झाला आणि डोंबिवलीच्या जुलैतली हवा, जी पिळली तरी पाणी निघेल, तिच्यातली वाफ दवासारखी त्या टपावर बसून ओल्या लॅकरमध्ये अडकली. गॅरेजमधले पेंटर हे पावसाळ्यात रोज बघतात. त्यांचा उपाय हाच मामांचा उपाय: हळू उडणारा, रिटार्डर घातलेला थिनर. त्याचा हलका फवारा मारला, लॅकर पुन्हा सैल झालं, वाफ निघून गेली, साय उतरली.

पण हळू उडणारा थिनर म्हणजे जास्त वेळ ओला राहणारा रंग. आणि ओल्या रंगावर, त्याच संध्याकाळी, एक चिलट येऊन बसलं. बरोबर बॉनेटच्या मधोमध.

तीन मिलिमीटरचं चिलट. खऱ्या गाडीच्या हिशेबात सात सेंटिमीटरचा प्राणी. केसाचा एक तुकडा ७० मायक्रॉनचा असतो, तो इथे सुतळीसारखा दिसतो. धूळही लहान होत नाही, किडेही नाहीत.

मामांनी हात लावला नाही. ओल्यातून किडा काढायला गेलं की खड्डा पडतो. दोन दिवस गाडी झाकून ठेवली. मग पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा पेपर, बोटाच्या टोकावर, गोल नव्हे, एकाच दिशेनं. चिलट गेलं. खाली रंग शाबूत होता. मग आख्ख्या अंगावर तोच पेपर, मग पॉलिशिंग कंपाउंड आणि जुन्या बनियनचा तुकडा. कडांवर मात्र पेपर नेत नाहीत. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, दोन घासांत खालचं प्लास्टिक डोकावतं. हे मला माहीत आहे, कारण डावं मडगार्ड मी घासलं होतं. ते पुन्हा रंगवायला नऊ दिवस गेले. मामा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

(दृश्य: चकचकीत फॉइल, नवं पातं, लाकडी टूथपिक.)

क्रोमच्या पट्ट्या. चंदेरी रंगानं त्या कधीच धातूच्या दिसत नाहीत. त्यासाठी एका बाजूला चिकट असलेलं अतिशय पातळ धातूचं फॉइल मिळतं. तुकडा ठेवायचा, टूथपिकनं चोळून पट्टीच्या उंचवट्यावर बसवायचा, आणि कडेनं नवं पातं ओढायचं. नवं म्हणजे खरंच नवं. एका गाडीला मामा पाच पाती वापरतात. श्वास रोखून धरतात की आपोआप थांबतो ते कळत नाही, पण त्या चार मिनिटांत मामीसुद्धा कुकर लावत नाहीत.

मग बारीकसारीक. खालच्या गालिच्यासाठी रेयॉनची बारीक भुकटी गोंदावर पेरायची. इंजिन दाखवायचं असेल तर स्पार्क प्लगची खरी वायर सात मिलिमीटर जाड, म्हणजे इथे ०.२९. निकामी इअरफोनच्या केबलमधल्या तारांतून व्हर्नियर लावून ती निवडतात. पाण्यात सोडवून चिकटवायची अक्षरं, दिव्यांच्या काचा, आणि सगळ्यात शेवटी आरसा, कारण आरसा आधी लावला की तो तुटतोच.

(दृश्य: तयार गाडी. गॅलरीच्या कठड्यावर. सकाळचं ऊन.)

फोटो काढायला मी मोठा कॅमेरा आणला होता. फोटोत ती खेळणं दिसली. दोष कॅमेऱ्याचा: जवळून टिपताना पुढचा दिवा स्पष्ट आणि मागचं मडगार्ड धूसर, आणि असली धूसरता दिसली की डोळा लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे. अमेरिकेत मायकल पॉल स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते, २०१८ मध्ये गेले. 'एल्गिन पार्क' हे त्यांचं कल्पनेतलं गाव, १:२४ च्याच गाड्यांचं. टेबलावर रस्ता मांडून ते तो खऱ्या झाडा-घरांसमोर नेत, दोन्हीच्या रेषा जुळवत, आणि साध्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढत. छोट्या सेन्सरला पुढचं-मागचं सगळं स्पष्ट दिसतं. मी कॅमेरा ठेवला आणि मोबाइल काढला. कठडा रस्ता झाला, समोरची सोसायटी मागे उभी राहिली. ऊन मात्र खरं, एकाच सूर्याचं. त्याला कुणी लहान केलेलं नव्हतं, आणि या एकाच गोष्टीबद्दल मामांची तक्रार नव्हती.

(दृश्य: जुनी डायरी. पेन्सिलीनं काढलेली आकृती, आकडे.)

आता पुढची गाडी. तिचं किट आम्हाला कुठेही मिळालं नाही, म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या शीट कापून ती बनवायची आहे. दोन आसांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. भागिले २४, ९७.५.

प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्यात बनलेली, काळी-पिवळी. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. त्याआधी मामांनी एका स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याला चहा पाजून तिची मापं घेतली. टपावरचं कॅरियर, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर, सगळं डायरीत आहे.

पिवळा आधी, काळा नंतर. फिका रंग गडदावर चढत नाही. मधे मास्किंग टेप. टेप काढली की दोन रंगांच्या सीमेवर एक पायरी राहते, १:२४ मध्ये ती उंबऱ्याएवढी दिसते. ही पायरी कशी उतरवायची, मी विचारलं.

मामांनी डायरीतलं एक पान उलटलं. तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'डावं दार, कडेला पोपडा. चार-पाच थर. ब्रशनं मारलेले.'

"अरे, पासिंगला न्यायच्या आधी हिला दर वेळी वरून एक हात मारलेला," ते म्हणाले. "हिच्यावर जाड रंग चालेल."

आणि त्यांनी स्टीलपट्टी शीटवर ठेवली, ९७.५ वर एक बारीक खूण केली, आणि नवं पातं काढलं.