ग्रिम्स्बीची गोदी

(दृश्य: पहाट. विटांचा उंच मनोरा, खाली गोदीतलं संथ पाणी.)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे ग्रिम्स्बी. मनोरा 1852 सालचा. 1950च्या दशकात याच्या पायथ्याशी जगातल्या सगळ्यात मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक गजबजलेलं असायचं. कॉड मासा धरायला बोटी थेट आइसलँडपर्यंत जायच्या. 1976 साली आइसलँडची 200 सागरी मैलांची हद्द ब्रिटनला मान्य करावी लागली आणि ते पाणी बंद झालं. ट्रॉलर भंगारात निघाले. खलाशी घरी बसले, त्यांच्यामागे जाळी विणणारेही बेकार झाले.

(दृश्य: त्याच बंदरातून निघणारं जहाज.)

आज इथली माणसं वाऱ्याच्या कामाला जातात. किनाऱ्यापासून 120 किलोमीटरवर 'हॉर्नसी वन' हा समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प आहे. 174 पवनचक्क्या, क्षमता 1.2 गिगावॉट. एवढ्या लांब रोजची ये-जा जमत नाही, म्हणून तंत्रज्ञ दोन-दोन आठवडे जहाजावरच राहतात. जहाज चक्कीजवळ जाऊन थांबतं, लाटांवर डुलत राहतं. त्यावरून एक पूल पुढे सरकतो, हेलकावे स्वतःच सावरून घेतो, आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेला माणूस चालत पलीकडे जातो.

चक्की उभी राहिली म्हणून काम संपत नाही. वीस-पंचवीस वर्षं बोल्ट तपासायचे, तेल बदलायचं, पात्यांच्या झिजलेल्या कडा भरायच्या. उभारणी करणारे परत जातात, देखभालीचा माणूस मात्र गावात घर करतो. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. दुःख एवढंच, की 1976च्या खलाशांना यातलं फारसं काही मिळालं नाही. मधे चाळीस वर्षं गेली.

(दृश्य: हल. कारखान्यातला लांबलचक साचा.)

पाती बनतात हंबर नदीपलीकडे, हल शहरात. 2016 साली तिथल्या जुन्या गोदीवर कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथलं पातं 75 मीटरचं असायचं, पण काचतंतूचे थर आणि बाल्साचं हलकं लाकूड साच्यात हातांनीच बसवतात. 2017 साली असं एक 75 मीटरचं पातं शहराच्या मुख्य चौकात आडवं मांडलं होतं. मांडणारे कलाकार नयन कुलकर्णी. आडनाव ऐकून बरं वाटलं ना?

(दृश्य: भारताचा नकाशा, खंभातचं आखात.)

जून 2024 मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉट पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. त्यातले 600 कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. माझी नजर त्या 600 कोटींवर आहे. पाती पसरायला मोकळं मैदान, ती उचलायला क्रेन, जहाज लागायला खोल धक्का, हे सगळं बंदरातच लागतं.