तुरुंगाचा पैसा शाळेपर्यंत का पोहोचत नाही?

मित्रहो, आज आपण अमेरिकेतल्या राज्यांचे जमाखर्च पाहणार आहोत. तुरुंग की शाळा, हा वाद तिथे चाळीसएक वर्षं चालला आहे आणि त्याचे आकडे उघड्यावर आहेत. तिथल्या संघीय शिक्षण खात्याने २०१६ साली एक हिशेब मांडला. १९७९-८० ते २०१२-१३ या काळात, महागाई वजा करून, राज्यं आणि स्थानिक संस्था यांचा शाळांवरचा खर्च १०७ टक्क्यांनी वाढला. तुरुंगांवरचा ३२४ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियात आज एका कैद्यामागे वर्षाला सरासरी एक लाख तीस हजार डॉलरच्या आसपास जातात, शाळेतल्या एका मुलामागे वीस-पंचवीस हजार.

यावरून लगेच घोषणा तयार होते: एक कैदी कमी करा, पाच मुलं शिकवा. घोषणेमागची कळकळ मला मान्य आहे, तिचं गणित मान्य नाही. सरासरी खर्च आणि एक माणूस कमी झाल्यावर प्रत्यक्ष वाचणारा खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो समजून न घेता अर्थखात्यासमोर उभं राहिलं की सुधारणेची बाजू पहिल्याच प्रश्नाला अडते.

तुरुंगाचा खर्च कशाने बनतो ते बघू. मुख्यतः पगारांनी. पहाऱ्याची एकच जागा घ्या, समजा बराकीचं दार. ते चोवीस तास, सातही दिवस राखायचं, म्हणजे आठवड्याला १६८ तास. एक शिपाई चाळीस तास भरतो, तेव्हा हिशेबाने ४.२ माणसं लागली. त्यात रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे दिवस धरले की एका दारासाठी पाच ते साडेपाच माणसं पटावर ठेवावी लागतात. माणसं कमी पडली तर दार उघडं सोडता येत नाही, मग दीडपट दराने जादा पाळी. आता त्या बराकीतले दीडशे कैदी सव्वाशे झाले तरी दार तेच, मनोरा तोच, फाटकही तेच. वाचतं ते जेवण, कपडे आणि औषधपाण्याचा काही भाग. कॅलिफोर्नियाच्या अर्थसंकल्पी हिशेबात हा वाचणारा खर्च दर कैद्यामागे पंधरा हजार डॉलरच्या घरात धरला गेला आहे. एक लाख तीस हजार कुठे आणि पंधरा हजार कुठे!

यातूनच एक विचित्र गोष्ट घडते: कैदी घटले की दरडोई खर्च फुगतो. न्यूयॉर्क शहराच्या लेखानियंत्रकांनी २०२१ च्या आर्थिक वर्षासाठी शहराच्या तुरुंगांचा दरडोई खर्च ५,५६,५३९ डॉलर काढला. तेव्हा तिथे कैद्यांपेक्षा पहारेकरी जास्त होते. आकडा एवढा मोठा दिसला, कारण भागाकारातला छेद लहान झाला होता. कैद्यांवर कुणी पैशांची उधळण करत नव्हतं.

खरी बचत पूर्ण इमारत बंद झाल्यावर होते. कॅलिफोर्नियात २००६ च्या सुमारास एक लाख सत्तर हजारांवर कैदी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. आज ती लाखाच्या खाली आहे, पण मधली दहा वर्षं राज्याने आपल्या मालकीचा एकही मोठा तुरुंग बंद केला नव्हता. ट्रेसी गावचा तुरुंग बंद झाला २०२१ मध्ये. सुझनव्हिलमधला एक तुरुंग बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा गाव न्यायालयात गेलं, कारण हजारभर नोकऱ्या तिथेच होत्या. शेवटी २०२३ मध्ये कुलूप लागलं. गावाचा विरोध मी चूक मानत नाही. एका गावाचा रोजगार तुरुंगाला बांधून ठेवला तो राज्यानेच. तेव्हा बंद करण्याच्या आराखड्यात बदल्या आणि पर्यायी रोजगार यांचा खर्च पहिल्यापासून धरायला हवा. तो धरला नाही की दोन वर्षं कज्ज्यात जातात आणि रिकाम्या बराकींचे पगार चालूच राहतात.

आता पैसा वाचला तरी तो शाळेकडे वळतो का? शालेय शिक्षणाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमताने शाळांसाठी किमान वाटा राज्यघटनेतच बांधून दिला आहे. तुरुंगाचा खर्चही टाळता येत नाही: कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवलं. त्यात गरिबांसाठीची मेडिकेड योजना तुरुंगातल्या उपचारांना सहसा पैसे देत नाही, म्हणून म्हातारे होत चाललेल्या कैद्यांचा दवाखाना राज्याच्याच बोकांडी बसतो. मग तंगीच्या वर्षी कात्री कुठे लागते? विद्यापीठांना. ती फी वाढवू शकतात, एवढाच त्यांचा गुन्हा. राज्यपाल श्वार्झनेगर यांनी २०१० मध्ये जाहीरपणे सांगितलं की तीस वर्षांपूर्वी सर्वसाधारण निधीतले दहा टक्के उच्च शिक्षणाला आणि तीन टक्के तुरुंगांना जात, आता तुरुंगांना जवळजवळ अकरा आणि उच्च शिक्षणाला साडेसात. विद्यापीठांना किमान दहा, तुरुंगांना कमाल सात टक्के अशी घटनादुरुस्ती त्यांनी सुचवली. ती झाली नाही.

कॅलिफोर्नियातलाच २०१४ चा जनमताने झालेला कायदा, प्रपोझिशन ४७, मला याहून जास्त शिकवणारा वाटतो. किरकोळ चोरी आणि स्वतःपुरतं अमली पदार्थ बाळगणं हे सौम्य गुन्हे ठरले, आणि होणाऱ्या बचतीची वाटणी कायद्यातच लिहिली: ६५ टक्के मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीला, २५ टक्के शाळेतली गैरहजेरी व गळती रोखायला, १० टक्के गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या उपचारांना. वाटणी चोख होती. घोडं अडलं ते बचत मोजायची कशी यावर. राज्यपालांच्या अंदाजपत्रकाने पहिल्या वर्षी ती सुमारे २.९ कोटी डॉलर दाखवली. विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाचं म्हणणं होतं की आकडा दहा कोटींपर्यंत कमी लावला आहे. कायदा नसता तर न्यायालयाची मर्यादा पाळायला जास्तीच्या कैद्यांसाठी बाहेरच्या तुरुंगांत महागड्या खाटा भाड्याने घ्याव्या लागल्या असत्या. ते भाडंही बचतीत धरा, असा कार्यालयाचा आग्रह होता. अर्थखात्याने केवळ जेवण-औषधाचा वाचणारा खर्च मोजला. म्हणजे गळती रोखायच्या निधीत किती पैसे पडणार हे ठरलं कोष्टकातल्या एका गृहीतकावर. तेव्हा असा कायदा लिहिताना तीन गोष्टी मजकुरातच हव्यात: तुलनेसाठी कुठल्या वर्षाची संख्या धरायची, भाड्याच्या खाटा आणि रिकाम्या बराकी कशा मोजायच्या, आणि मोजणारा कोण. खर्च करणाऱ्या खात्यावरच मोजणी सोपवली तर ती आखडती होणार.

टेक्सासने दुसरा मार्ग धरला. २००७ मध्ये तिथे २०१२ पर्यंत सुमारे सतरा हजार नव्या खाटा लागतील असा अंदाज होता. विधिमंडळाने बांधकामाऐवजी २४.१ कोटी डॉलर उपचार आणि पर्यायी शिक्षांवर लावले. न बांधलेल्या तुरुंगाचे पगार द्यावे लागत नाहीत. त्यामुळे माझ्या मते सर्वांत स्वस्त सुधारणा बांधकामाच्या ठरावाआधीच होते, भूमिपूजन झाल्यावर ती कित्येक पटींनी महाग पडते.

शेवटी तुरुंगातल्या शिक्षणाविषयी, कारण तिथे दोन्ही खाती एकत्र येतात. १९९४ च्या कायद्याने कैद्यांना पेल शिष्यवृत्ती, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मिळणारी संघीय मदत, बंद झाली. ती पूर्णपणे परत सुरू झाली १ जुलै २०२३ पासून. मधल्या काळात, २०१३ मध्ये, रँड या संशोधन संस्थेने जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिक्षणात भाग घेतलेले कैदी पुन्हा आत येण्याचं प्रमाण १३ टक्के-बिंदूंनी कमी होतं. शिक्षणाचा दरडोई खर्च १,४०० ते १,७४४ डॉलर, आणि तीन वर्षांत फेरतुरुंगवासाच्या खर्चात बचत एका डॉलरमागे चार ते पाच डॉलर. ही बचतसुद्धा कागदावर सरासरी खर्चाने काढलेली असेल तर जपून वापरा.

हे वर्ग मोडतात ते साध्या कारणांनी. शिक्षक फाटकाशी उभा असतो, पण कैद्यांना वर्गापर्यंत आणायला शिपाई नसतो. झडतीसाठी सगळा विभाग बंद होतो आणि आठवडा बुडतो. सत्राच्या मध्यावर कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होते आणि अर्धवट अभ्यासक्रमाचं श्रेय तिथे कुणी मोजत नाही. म्हणून शिक्षणाच्या तरतुदीत शिक्षकाच्या पगाराबरोबर वर्गासाठी राखीव शिपायाची जागा मागा, आणि सत्र संपेपर्यंत बदली थांबवण्याचा लेखी आदेश मिळवा. त्या आदेशाला एक डॉलरही लागत नाही.