किनाऱ्यावरची थंडी आणि सोलापूरचे जावईबापू

नमस्कार मंडळी. काय म्हणतेय थंडी? हसू नका. कोकणात थंडीची चौकशी केली की घाटावरची माणसं हसतात हे मला माहितीये, आमचे पुण्याचे एक नातेवाईक तर डिसेंबरात मुद्दाम फोन करून विचारतात, काय रे, पंखा कितीवर आहे? असू दे. आज आपण ऑक्टोबर ते जानेवारी किनाऱ्यावरची हवा कशी बघायची त्यावर बोलूया, आणि बघायची म्हणजे मोबाईलवर नाही हं, अंगणात उभं राहून.

पहिलं म्हणजे वारा. दुपारी जमीन तापते, वारा समुद्रावरून गावात येतो, तो खारा वारा. रात्री जमीन गार पडते, मग वारा उलटा, डोंगराकडून समुद्राकडे, तो मतलई. भूगोलाच्या पेपरात सगळ्यांनी लिहिलंय, बघितलंय किती जणांनी? उद्या पहाटे न्हाणीघरातली चूल पेटली की धुराकडे बघा. तो सरळ वर जात नाही, पोफळीच्या शेंड्याएवढा चढतो, तिथे आडवा होतो आणि हळूहळू दर्याच्या बाजूला सरकतो. कारण जमिनीलगतची हवा गार झालेली असते आणि तिच्यावर जरा ऊबदार हवेचा थर असतो, त्याच्या वर काही धुराला जाता येत नाही. दुपारी हाच धूर उलटा फिरून वाडीत शिरतो. परत सांगतो, पहाटे समुद्राकडे, दुपारी डोंगराकडे. आता घरोघरी गिझर आलेत त्यामुळे धूर बघायला शेजारी जावं लागतं, आणि गिझरच्या पाण्याने आंघोळ केल्यासारखं वाटत नाही ते वेगळंच, पण तो आजचा विषय नाही.

ही वाऱ्याची अदलाबदल जोरात सुरू झाली की समजायचं पावसाळा खरंच संपला. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आपल्याकडून मागे फिरतो, मग आकाश मोकळं, जमीन ओली, ऊन कडक, भातकापणीला वाकलेल्या माणसाला विचारा ऑक्टोबर हीट काय असते ते. आणि एक गंमत सांगतो. भर हिवाळ्यात कधीकधी अख्ख्या देशातलं त्या दिवशीचं सगळ्यात जास्त तापमान आपल्या रत्नागिरीत नोंदलं जातं! पूर्वेकडचा कोरडा वारा सह्याद्री उतरताना तापतो आणि दुपारपर्यंत समुद्राच्या वाऱ्याला आत येऊच देत नाही, मग पारा ३५-३६ वर. त्याच दिवशी पहाटे आपण गोधडी ओढून घेतलेली असते. म्हणून म्हणतो, किनाऱ्यावरची थंडी दुपारच्या आकड्यावरून मोजू नका, पहाटे बघा.

तर पहाटेवरून आठवलं. आमचं गाव पूर्णगडच्या खाडीजवळ. काही वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाला माझ्या चुलतबहिणीचे मिस्टर आले होते, सोलापूरचे. माणूस एकदम दिलदार, येताना घरातल्या प्रत्येकाला सोलापुरी चादर घेऊन आले. रात्री जेवणं झाली, तुळशीपुढचे ऊस पोरांनी पळवले, आणि भावोजी म्हणाले मी बाहेर झोपणार, आमच्याकडे उन्हाळाभर गच्चीवर झोपतो आम्ही, तुमच्या घरात घामाघूम व्हायला होतं. काकू म्हणाल्या, "जावईबापू, मांडवाखाली बाज टाका हो, उघड्यावर नको." ऐकतायत कुठले. मांडव सोडून थेट आकाशाखाली बाज, वर कोरी चादर, आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

पहाटे पाच-साडेपाचला आरडाओरडा. "अहो उठा, पाऊस पडला!" आम्ही सगळे धावत बाहेर. भावोजी बाजेवर बसलेले, केस ओले, उशी ओली, चादर वरून ओली आणि आतून कोरडी. वर बघतो तर आकाशात एक ढग नाही, चांदण्या लखलखीत. काका म्हणाले, अहो पाऊस कसला, दंव आहे ते. भावोजी म्हणाले दंव आम्हाला पण माहितीये, ज्वारीच्या पानावर असतं, माणूस भिजवत नाही. काका म्हणाले, बरं, मांडवाखाली पोरं झोपलीयत ती कोरडी कशी? भावोजी म्हणाले, मांडवाखाली पाऊस पण पडत नाही! आता ह्याच्यावर काय बोलणार? काका म्हणाले हा झावळ्यांचा मांडव आहे, पाऊस असता तर गळला असता, तर हे म्हणतात बारीक पाऊस होता. मोबाईल काढला तर त्यात रात्रीचा पाऊस शून्य. "मोबाईल खोटा आहे," भावोजी म्हणाले. इथे मात्र मी मनातल्या मनात त्यांच्या बाजूने होतो, मोबाईलमधली हवा सगळ्या तालुक्याला एकच असते.

मग त्यांना पुरावा सापडला. गोठ्याचा पत्रा. पत्र्यावरून टप टप टप पाणी ठिबकत होतं आणि खाली मातीत पागोळीच्या भोकांची सरळ रांग पडलेली. "ही बघा! ह्याला काय म्हणाल?" काका गप्प. आम्हीही गप्प. तेवढ्यात काकू चहाचं आधण टाकून बाहेर आल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "जावईबापू, चार पावलं मागे या." आले. "आता खाली बघा." पत्र्याच्या पुढची माती कोरडी भुरभुरीत, त्यात आदल्या संध्याकाळी कोंबडी फिरलेली, तिच्या पावलांचे तीन-तीन बोटांचे ठसे जसेच्या तसे. एकही ठसा पुसलेला नाही, एकही थेंब पडल्याची खळी नाही. काकू म्हणाल्या, "पाऊस पडला असता तर फक्त माझ्या पत्र्यावर पडला असता का हो?"

भावोजी तरी मानेनात. दुसऱ्या रात्री परत उघड्यावर, पण ह्या वेळी बाजेच्या उशाकडे छत्री बांधून. सकाळी डोकं कोरडं आणि पाय ओले! अजूनही हिवाळ्यात आमच्या घरी फोन आला की पहिला प्रश्न, काय आई, पडला का पाऊस? आणि काकू म्हणतात, पत्र्यावर पडला!

छत्रीने काय केलं ते थोडक्यात सांगतो, वेळ कमी उरलाय. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते. समुद्रावरून दिवसभर आलेला दमटपणा हवेत असतोच, तो त्या गार वस्तूवर पाणी होऊन बसतो. पत्रा पातळ, पटकन गार होतो, म्हणून तो ठिबकतो. मधे छत्री, मांडव, झाड काही आलं की उष्णता तेवढी जात नाही, खालची वस्तू कोरडी राहते. ढग आले तरी तेच, दंव कमी. म्हणजे लक्षात ठेवा, आकाश मोकळं आणि वारा पडलेला तर दंव भरपूर, ढग किंवा वारा असेल तर कमी. (अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना कोंबडीचे ठसे दिसायचे नाहीत, त्यांनी आपलं बघावं. सारवलेल्या अंगणाची मजा घालवली ह्या ब्लॉकांनी.)

आंबेवाल्यांना हे सांगायला नको. हापूसला मोहोर यायला थंडी हवी, पण मोहोरावर ढगाळ दमट हवा आली की तुडतुड्यांची कीड आणि भुरी नावाचा बुरशीचा रोग, मग फवारणी, मग खर्च. आणि थंडी फार लांबली की पुनर्मोहोर, म्हणजे परत दुसरा मोहोर येतो आणि आधीची कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं गळतात. तेव्हा जानेवारीत आंब्याचा भाव विचारणाऱ्या मुंबईकरांनी जरा दम धरावा.

शेवटचं, मच्छीमार बांधवांसाठी आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्यांसाठी. पाऊस गेला म्हणजे वादळं गेली असं नाही. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. ओखी डिसेंबर २०१७ मध्ये, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या बोटी आसऱ्याला देवगडात आल्या होत्या. २०१९ च्या दिवाळीत क्यार समुद्रातच राहिलं तरी त्याच्या पावसाने कापलेलं भात शेतात भिजलं. तेव्हा वारा पडलेला असताना दर्याला लांब लांब, जड लाटा यायला लागल्या, पहाटेचा मतलई बंद झाला, तर होडी वर ओढा आणि बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा बघून या. तीन नंबरचा लागला असेल तर जाळी आत घ्या, आणि शेजाऱ्याला पण सांगा, त्याच्याकडे रेडिओ असेलच असं नाही. नमस्कार.