नवा रंग मारला, सेल्फ मारला, आणि नुसतं ‘टक’

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे ‘ताई, रंग कुठला मारला?’ सांगेन, पण आज नाही. दुसरा एक प्रश्न सारखा येतोय आणि त्याचं दुखणं बरेचदा त्या रंगातच असतं. ‘जुनी पिकअप पूर्ण खोलली, गंज काढला, रंगवून परत जोडली. किल्ली फिरवली की टक आवाज येतो, पुढे काही नाही. बॅटरी नवीन आहे.’

आधी नेहमीचं पटकन उरकते. खोलताना फोटो काढा, नट-बोल्टच्या पिशव्यांवर नावं लिहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. चासी हातोडीनं टोकत जायची; खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला की आतून गंजानं खाल्लीय. तिथे पुट्टी भरायची नाही, कापून वेल्डिंग करायचं. ब्रेकचे जुने रबरी होज निरखत बसू नका, सरळ बदला. झालं.

आता अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायचा रस्ता. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघालेली वायर सगळ्यांना दिसते. हा परतीचा रस्ता कोणी बघत नाही, कारण तो म्हणजे गाडीचं लोखंडच. आणि पिकअपचं लोखंड एकसंध नसतं! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, केबिन चासीवर रबरी बुशांवर, मागचा हौदा वेगळाच आणून बोल्टनं आवळलेला. ह्या सगळ्यांना जोडतात त्या दोन-चार जाळीदार पट्ट्या किंवा काळ्या वायरी. आपण काय करतो? चासी घासतो, प्रायमर मारतो, वर रंगाचे दोन हात, आणि त्या चकचकीत रंगावर पट्टी ठेवून बोल्ट आवळतो. रंगातून करंट जात नाही. उरतात बोल्टचे आटे, आणि त्यांतही रंग गेलेला असतो.

मी हेच केलं होतं. माझ्या पहिल्या पिकअपला बॅटरी बदलली, मग सेल्फ, म्हणजे इंजिनला फिरवणारी स्टार्टर मोटर, उतरवून नवा बसवला, तीन दिवस गाडीखाली लोळले. दोष होता मीच हौसेनं रंगवलेल्या एका बोल्टखाली, नाण्याएवढ्या जागेत. जुना सेल्फ ठणठणीत होता. तो अजून फळीवर आहे, येता-जाता माझ्याकडे बघत असतो.

‘पण ताई, मल्टीमीटर तर बीप देतो!’ ही कमेंट आली की मी डोक्याला हात लावते. देणारच तो बीप. मीटर तपासायला अगदी चिमूटभर करंट सोडतो. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी त्याला पुरते. सेल्फला मात्र १५०-२०० अँपियर लागतात. हिशोब करा: जोडात ०.०१ ओहम अडथळा आहे, म्हणजे साध्या मीटरवर दिसणारही नाही इतका. २०० अँपियर गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले. सेल्फ मारताना भरलेल्या बॅटरीचेसुद्धा १२.६ वरून साडेदहाच्या आसपास उतरतात. त्यातून आणखी २ गेल्यावर सेल्फ टक नाही करणार तर काय करणार?

म्हणून ओहम मोजूच नका, व्होल्ट मोजा, आणि तेही सेल्फ चालू असताना. (मीटर कॅमेऱ्याजवळ धरून) गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत ठिणगी पडणार नाही असं करून ठेवा. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. खुंटीवर म्हणते आहे, क्लॅम्पवर नाही, कारण कधीकधी चोर तो क्लॅम्पच असतो. आता दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेलं की अर्थिंग खराब. माझ्याकडे १.८ आले होते.

मीटर नाही? जंपर केबल आहे ना? तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या धातूला. सेल्फ गरगर फिरला की निकाल लागला. नवा सेल्फ आणायला निघाला असाल तर परत फिरा.

हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा चढतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर वेडा होतो, हीसुद्धा बरेचदा ह्याच आजाराची लक्षणं असतात. आणि सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर तिथेच थांबा! करंटला रस्ता मिळाला नाही म्हणून तो त्या बारक्या तारेतून परत चाललाय.

दुरुस्ती फार सोपी आहे. पण आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि जोडताना ते शेवटी जोडा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्या पडतील. मग वायरीच्या लगएवढी (टोकाला असते त्या धातूच्या कडीएवढी) जागा पॉलिश पेपरनं घासा, पांढरा धातू दिसेपर्यंत. लग, दातेरी वायसर, बोल्ट, घट्ट आवळा. त्यानंतर वरून ग्रीस. एकानं विचारलंय, ग्रीसमधून करंट जात नाही, मग लावायचं कशाला? बरोबर आहे, जात नाही. धातू धातूला घट्ट चिकटला की जोड पूर्ण झाला. ग्रीस बाहेरून पाणी अडवायला असतं.

आणि फार जुनी गाडी असेल तर वायरिंग नीट बघा. काही ६ व्होल्टच्या असतात, काहींमध्ये पॉझिटिव्ह अर्थिंग असतं. घाईत आधुनिक अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) उलटा जोडलात तर त्याचे डायोड जागीच जातील.

चला, मारते सेल्फ... (इंजिन सुरू) मीटरवर ०.१. आता मागे या, इंडिकेटर दाखवते. अरे, डावा मंदच लागतोय. हौद्याची पट्टी... हो, हा बोल्ट रंगावरच बसवलाय मी. द्या तो पाना इकडे.