फिरतीवरच्या परिचारिकेचा पहिला करार

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. रात्रपाळी संपवून घरी आलेली एक परिचारिका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आहे. अंगावर अजून निळे स्क्रब आहेत, चहा निवत चालला आहे आणि कपाशेजारच्या, दोन रुग्णालयांच्या कराराच्या प्रस्तावांच्या कागदांवर पिवळ्या हायलायटरच्या रेघा आहेत. मिरजेत जीएनएम ही परिचारिकेची पदविका, मग मुंबईत सहा वर्षांची नोकरी, मग अमेरिकेतल्या परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा आणि शेवटी अमेरिकेतले डॅलस असा त्यांचा प्रवास झाला. ज्या रुग्णालयाने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, त्याच्याशी झालेला तीन वर्षांचा करार गेल्या महिन्यात संपला. आता आपण कुठे काम करायचे, हे ठरवण्याची मुभा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली आहे.

ठरावीक आठवड्यांच्या करारावर वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णालयांत जाऊन काम करण्याला अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंग म्हणतात. आपल्याकडे औषध कंपनीचा प्रतिनिधी किंवा बँकेचा तपासनीस फिरतीवर असतो, तशी ही परिचारिका फिरतीवर असते; फरक इतकाच की तिची प्रत्येक फिरती साधारण 13 आठवड्यांची असते आणि त्या काळात ती एकाच वॉर्डात, आठवड्याला बहुधा 36 तास, म्हणजे 12 तासांच्या तीन पाळ्या करते. पगार रुग्णालय देत नाही, तिला तिथे पाठवणारी एजन्सी देते. या व्यवसायाची सुरुवात 1978 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवाच्या गर्दीसाठी बाहेरून परिचारिका मागवल्या गेल्या तेव्हा झाली, असे सांगितले जाते. पुढे करोनाच्या काळात काही करारांचा आठवड्याचा आकडा 5,000 डॉलरच्या वर गेला आणि त्या आकड्याची भुरळ अनेकांच्या मनातून अजूनही उतरलेली नाही.

टेबलावरचा पहिला कागद पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान शहरातल्या रुग्णालयाचा आहे. आठवड्याला 2,500 डॉलर. मुलाखत नाही, एजन्सीकडे अर्ज आणि कौशल्यांची यादी पाठवली की नेमणूक पक्की. दुसरा कागद ॲरिझोनातल्या टूसॉनचा. तिथे 2,200 डॉलर आहेत आणि वॉर्डाच्या व्यवस्थापिकेशी फोनवर बोलावे लागणार आहे. पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या कोणाचाही हात आधी पहिल्या कागदाकडे जाईल. म्हणूनच हा कागद जरा जवळून पाहायला हवा.

या 2,500 डॉलरमध्ये मूळ पगार ताशी 25 डॉलर, म्हणजे 36 तासांचे 900 डॉलर एवढाच आहे. उरलेले 1,600 डॉलर घरभाडे, जेवण आणि किरकोळ खर्चाचा भत्ता आहेत. सगळे मिळून तासाला जवळपास 69 डॉलर पडतात, पण आठवड्याचे 40 तास ओलांडल्यावरचा जादा कामाचा दर मूळ पगाराच्या दीडपट, म्हणजे साडेसदतीस डॉलर लिहिलेला आहे. रुग्णालयाची निकड भागवण्यासाठी परिचारिका चौथी पाळी करायला थांबली, तर दमलेल्या अवस्थेतल्या त्या तासांना तिच्या नेहमीच्या तासापेक्षा कमी मोल मिळते. तास कमी पडले की जो भत्ता कापला जातो, तो प्रत्यक्षात पगारच असतो आणि जादा कामाचा दर ठरवताना तो धरला पाहिजे, असा निर्णय 2021 मध्ये अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दिला. ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया त्या विभागात येतात, टेक्सास येत नाही. पगाराच्या जाहिरातीत हा फरक कधी छापलेला दिसत नाही.

भत्त्यावर कर लागत नाही असे म्हणतात, तेही अर्धसत्य आहे. ज्या परिचारिकेचे कायमचे घर दुसरीकडे आहे, त्या घराचा खर्च ती खरोखर करते आहे आणि कामाच्या ठिकाणी राहण्याचा खर्च तिच्यावर वेगळा पडतो आहे, तिच्याच भत्त्याला ही सवलत मिळते. घर सोडून, सामान गोदामात टाकून निघालेल्या परिचारिकेचा सगळा भत्ता करपात्र ठरतो. घरापासून 50 मैल लांब गेले की पुरे, हा समज तर निव्वळ ऐकीव आहे, कारण कर खात्याचा असा नियमच नाही; कामामुळे रात्री तिथे मुक्काम करणे भाग आहे का, हे ते खाते पाहते. एकाच भागातले काम वर्षापेक्षा जास्त चालणार असेल, तर ते तात्पुरते मानले जात नाही. टेबलाशी बसलेल्या परिचारिकेने डॅलसमधले भाड्याचे घर ठेवायचे ठरवले आहे, त्यामुळे त्या भाड्याचा वाटा तिने दोन्ही कागदांवर वजा करून पाहिला आहे.

पहिल्या कागदावर हमीच्या तासांचा उल्लेख नाही. वॉर्डात रुग्ण कमी झाले, तर रुग्णालय पाळीच्या दोन तास आधी फोन करून त्या दिवशी येऊ नका म्हणू शकते, आणि मग पगारही नाही व भत्ताही नाही. तीनपैकी एक पाळी अशी गेली की 2,500 मधले 833 डॉलर गेले. तिकडच्या खोलीचे भाडे मात्र चालूच राहते. टूसॉनच्या कागदावर दोन आठवड्यांत जास्तीत जास्त एक पाळी रद्द होऊ शकेल, असे कलम आहे. तेही फार उदार नाही, पण निदान हिशेब मांडता येतो.

आता पैशापलीकडच्या गोष्टी. बाहेरून आलेल्या परिचारिकेला बहुतेक ठिकाणी एखाद्या दिवसाची ओळख करून दिली जाते आणि दुसऱ्या पाळीपासून तिच्या हाती स्वतंत्र रुग्ण सोपवले जातात. औषधांचे कपाट कोणते, रात्री तीन वाजता डॉक्टरांना फोन लावायचा की मेसेज पाठवायचा, रक्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन काढतो की आपण, हृदयाचे मॉनिटर पाहायला वेगळी व्यक्ती आहे का, हे सगळे तिने त्या एका दिवसात डोक्यात भरायचे असते. म्हणून पहिल्या नेमणुकीत रुग्णांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर तरी ओळखीचे असावे. एपिक या सॉफ्टवेअरवर तीन वर्षे काम केलेल्या परिचारिकेने पहिल्याच फेरीत मेडिटेक हे दुसरे सॉफ्टवेअर शिकायला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कुठल्या वॉर्डात माणूस कमी पडला, तर आधी पाठवले जाते ते बाहेरून आलेल्यांना. याला फ्लोट करणे म्हणतात आणि ते टळत नाही. पण कोणकोणत्या वॉर्डांत पाठवणार, त्यांची नावे करारात लिहून घेता येतात. पहिल्या कागदावर फक्त ‘गरजेनुसार’ असा शब्द आहे.

मुलाखत नसणे ही सोय वाटते, पण नवख्या परिचारिकेची खरी अडचण तिथेच होते. मुलाखतीच्या वीस मिनिटांत जेवढी परीक्षा तिची होते, तेवढीच तिने वॉर्डाची घ्यायची असते.

मग कॅलिफोर्निया का नाही, असा प्रश्न इथे येतोच. एका परिचारिकेकडे किती रुग्ण द्यायचे, हे त्या राज्यात 1999 च्या कायद्याने ठरवायला घेतले आणि 2004 पासून ते अमलात आले. हृदयाचे मॉनिटर लावलेल्या टेलिमेट्री वॉर्डात आज ते प्रमाण एकीस चार आहे. टेबलाशी बसलेली परिचारिका टेलिमेट्रीचीच आहे. पण परिचारिकांचा परवाना एकमेकांत मान्य करणाऱ्या 40 हून अधिक राज्यांच्या समझोत्यात कॅलिफोर्निया नाही. टेक्सास आहे, ॲरिझोनाही आहे. कॅलिफोर्नियाच्या वेगळ्या परवान्याचा अर्ज त्यांनी आजच भरला आहे. तो हाती येईपर्यंत पहिले 13 आठवडे दुसरीकडे काढायचे आहेत.

दुपारी टूसॉनहून फोन आला. परिचारिकेने वहीत आधीच प्रश्न लिहून ठेवले होते आणि पहिला प्रश्न पगाराचा नव्हता.

“रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात?”

“चार,” व्यवस्थापिका म्हणाल्या, आणि थोडे थांबून, “मदतनीस कमी असतील त्या रात्री पाच.”

“ही जागा रिकामी का आहे?”

थंडीच्या राज्यांतली वयस्क मंडळी हिवाळ्यात ॲरिझोनात मुक्कामाला येतात, त्यामुळे जानेवारी ते मार्च आमचे वॉर्ड भरलेले असतात आणि मार्चनंतर आम्हाला तुमची गरज उरणार नाही, असे व्यवस्थापिकांनी सरळ सांगितले. त्यांनी ‘पाच’ हा आकडा लपवला नाही, हे परिचारिकेने वहीत नोंदवले. संध्याकाळी एजन्सीला ईमेल गेला: फ्लोटच्या वॉर्डांची नावे, वॉर्डाची ओळख करून देणाऱ्या दोन पाळ्या आणि मुलाच्या वाढदिवसाची सुट्टी, तिन्ही करारात लिहून मिळावे. दोन दिवसांनी सुधारित कागद आला. सुट्टी होती, वॉर्डांची नावे होती. ओळखीची पाळी मात्र एकच होती. त्यांनी सही केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवस गाडी चालवून, त्या टूसॉनला पोहोचल्या. पहिली रात्र वॉर्डातल्या जुन्या परिचारिकेच्या मागे मागे फिरण्यात गेली. दुसऱ्या रात्री पावणेसात वाजता त्यांनी फळ्यावर आपले नाव शोधले. नावापुढे पाच खोल्यांचे क्रमांक होते. त्यांनी खिशातून पेन काढले, कागदाची घडी पाच रकान्यांत घातली आणि आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, म्हणजे हँडओव्हर, घ्यायला पहिल्या खोलीकडे निघाल्या.